पाचवं उद्दिष्ट

"सर, 'जंगलाबद्दल आपुलकी निर्माण होईल' हे नाई चालत. मोजता आलं पायजे," रोशनी लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाली.

मला रागच आला. तीस वर्षं ब्रह्मपुरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, परवा निवृत्त होतोय, आणि माझीच विद्यार्थिनी, आता माझ्याच विभागात प्राध्यापक, मला उद्दिष्टं कशी लिहायची ते शिकवत होती. पण तिची तरी काय चूक? नवा अभ्यासक्रम आजच विद्यापीठात जायचा होता. चार उद्दिष्टं झाली होती. सहलीचं पाचवं बसलं नाही, तर गडचिरोलीकडची जंगलसहल वगळणार होते. माझी नोकरी म्हणजे ती सहलच, बाकी सगळी हजेरी.

"मंग आपुलकी कशानं मोजू, फूटपट्टीनं?"

"तेच तर. पोरं काय करून दाखवतीन, ते सांगा ना."

मला पहिली सहल आठवली, ती मी तिला सांगितली. वाट दाखवायला तिथल्या गावचा रामाजी होता. हाताशी आलेली कैरी मी तोडली, खाल्ली, पोरांनाही वाटली. पंडुम, म्हणजे नव्या फळांचा सण, अजून व्हायचा होता. तोवर त्या गावात कोणी आंबा तोंडात घालत नाही. रामाजी ओरडला नाही. "गुरुजी, इचाराचं होतं ना," एवढंच म्हणाला आणि माझ्याआधी स्वतःच गावाची माफी मागायला गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे दरवर्षी माझ्या पोरांना त्यानंच जंगल दाखवलं. गेल्या साली वारला.

हे ऐकून रोशनीनं टाइप केलं, 'झाडाला हात लावण्याआधी विद्यार्थी गावाला विचारेल.' गुण कोण देणार, या रकान्यात तिनं 'गावकरी' लिहिलं.

"अवं, त्यायची डिग्री मागतीन."

"मागू द्या. मी पायते."

सहल वाचली. फार बरं वाटलं. शेवटचा रकाना अभ्यासक्रम तयार करणाऱ्यांच्या नावांचा होता.

"माह्या आधी रामाजीचं टाक," मी म्हणालो.

"आडनाव?"

मला ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या माणसाच्या ओसरीवर चहा प्यालो होतो.

"कुळमेथे," रोशनीनं टाइप केलं. "मी दुसऱ्या वर्षाले होती ना सर, तवा इचारलं होतं."