पोचल्याचा निरोप

“दादा, आता तरी झाडू दे की! उद्या वैनीच्या पुण्यानुमोदनाला माणसं येणार, न् घरात सतरंजी टाकायला जागा न्हाई.” सरजाबाई झाडू घेऊन उंबऱ्यात उभी होती.

“सिद्धोधन निघालाय बंगळूरहून. तो येऊ दे आधी,” खाटेवरून दत्तराव म्हणाले.

याच गल्लीत राहणाऱ्या या धाकट्या बहिणीनं झाडू भिंतीला टेकवला. घर केव्हापासून झाडलेलं नाही, हे तिला ठाऊक होतं. त्या दिवशी झाडू तिच्याच हातात होता.

चांगुणाबाईचा एक नेम होता. घरातलं माणूस गावाला निघालं, की ते पोचल्याचा निरोप येईस्तोवर ती घर झाडत नसे. दत्तरावांनी बोरीत जन्मभर ग्रामपंचायतीचं पाणी सोडलेलं. घड्याळावर चालणारा गडी. “धम्मात बसतंय का असलं खूळ?” म्हणून ते बायकोची टर उडवायचे. ती हसायची आणि कचरा तसाच ठेवायची.

गेल्या महिन्यात सून मनिषाच्या बाळंतपणासाठी ती नांदेडहून विमानानं बंगळूरला निघाली. जन्मात पहिल्यांदा विमान, तेही एकटीनं, कारण दत्तरावांचा मोडलेला पाय प्लास्टरमध्ये होता. त्यांनी मोबाइललाच विचारलं. आतली बाई म्हणाली, अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर, वेळ एक तास वीस मिनिटं.

तेवढा वेळ सरला. फोन काही आला नाही.

“पोचलीच असंल. झाड सरजे, लय कचरा झालाय,” दत्तराव म्हणाले होते.

अर्धं घर झाडून झालं आणि फोन वाजला. चांगुणाबाई विमानातून उतरता उतरता कोसळली होती. ती उठलीच नाही. तिकडंच सगळं उरकावं लागलं. लेकानं, सिद्धोधननं, मोबाइलवर शेवटचं दाखवायला घेतलं, तर दत्तरावांनी मोबाइल उशीवर पालथा घातला.

झाडूचा आणि मरणाचा काही संबंध नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी रोज दुपारी, विमानाच्या वेळेला, आतल्या खोलीतून झाडू फिरल्याचा आवाज यायचा. तो माजघर ओलांडायचा आणि अर्ध्यात थांबायचा. मग दत्तराव मोबाइल तोंडाशी धरून विचारायचे, “नांदेड ते बंगळूर विमानानं किती वेळ?” बाई न कंटाळता तेच सांगायची.

ऊन कलताना दारात जीप थांबली. सिद्धोधन पांढऱ्या कापडात बांधलेला कलश घेऊन आत आला.

“बाबा, सगळ्या वाटंनं मांडीवरच होती आई,” तो म्हणाला.

दत्तराव भिंतीला धरून उठले. लेकाच्या हातातल्या कलशावर त्यांनी तळवा ठेवला.

“लय उशीर केलास गं,” ते म्हणाले.

मग त्यांनी बहिणीपुढं हात केला. “आण तो झाडू.”

“दादा, पाय अजून कच्चा हाय. मी झाडते ना!”

“आण म्हंतो ना.”

एका हातानं भिंत धरून ते वाकले. त्या दिवशी जिथं राहिलं होतं, तिथूनच त्यांनी झाडायला सुरुवात केली.