पुदिन्याला शेण

मेघाची आई हिवाळ्यात गेली. मागच्या अंगणात तिनं लावलेला पुदिना राहिला. उन्हाळ्यात तो पिवळा पडायला लागला, तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. तिच्या हातचं तेवढंच जिवंत होतं, बाकी सगळ्या वस्तू.

म्हणून शेजारच्या लहानूच्या गोठ्यातून घमेलंभर ताजं शेण आणून पुदिन्याच्या बुडाशी थापलं. रोज पाइपनं पाणी मारलं. पुदिना असा फोफावला की लहानू म्हणाला, "वहिनी होती तवा बी एवढा नव्हता गा!"

मला फार बरं वाटलं. लगेच दोन मुठी तोडून पाण्यातून काढला आणि चटणी वाटली. आलूभज्यांबरोबर लहानूनं आणि मी चाटूनपुसून खाल्ली.

मग दोघांचीही संडासाची वारी सुरू झाली. मौद्याहून लेक मेघा धावत आली. दवाखान्यात आम्हाला शेजारीशेजारी सलाईन लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भजे तळलेले होते, चटणी कच्ची. ताज्या शेणातले जंतू पाण्याबरोबर पानांवर उडतात. नुसतं विसळून ते जात नाहीत."

लहानू खाटेवरून ओरडला, "पाह्य गा रुपराव! माह्याच गाईनं मलेच लोळवलं!"

"मंग गाईले बोल ना. मले काहून बोलून राहिला?"

घरी आल्याआल्या मेघानं खुरपं घेतलं. "बाबा, हे सगळं उपटून टाकते. आई गेली, आता तुम्हीही असं..."

"उपटू नको वं. तिच्या हातचा आहे."

"आई शेण आधी सडवायची, बाबा. तो कोपऱ्यातला खड्डा कशाले होता?"

"मले वाटे, कचऱ्याचा आहे."

"म्हणूनच तुम्ही त्यात प्लास्टिक टाकायचे अन् बोलणी खायचे!"

ती हसली, मग रडली. खुरपं हातात तसंच. डोळे पुसून म्हणाली, "मुळं आईची आहेत. पानं तुमच्या शेणाची. पानं जातील."

"कबूल."

"शेण खरवडून खड्ड्यात. नवी पानं आली तरी पावसाळाभर एकही तोंडात घालायचं नाही."

"कबूल म्हटलं ना."

विळा मीच घेतला. जमिनीबरोबर कापत गेलो. लहानू कुंपणावरून हळहळला, "अरे अरे, काय मस्त पुदिना गा!"

"देऊ का घरी?"

"नाही बाप्पा!"

ढीग खड्ड्यात टाकला. हातांना पुदिन्याचा वास लागला होता. चटणी वाटून मेघाची आई जेवायला हाक मारायला यायची, तेव्हा तिच्या हातांना असायचा तसा.

"बाबा, साबणानं हात धुवा!" आतून मेघा.

"धुतो वं," म्हणालो आणि नळाजवळ बसून राहिलो.

शेवटी ती साबण घेऊन बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं आणि शेजारी बसली. बऱ्याच वेळानं तिनंच नळ सोडला, तेव्हा धुतले.