खांबाला थेट जोडलेली वायर

सासऱ्यांचा फोन आला तेव्हा ती एका शाळेच्या गच्चीवर पाण्याच्या मोटारीचं कनेक्शन करत होती. हातात पक्कड, मोबाइल कान आणि खांद्यामध्ये दाबलेला.

"अगं, तुझी पेटी पुन्हा रुसली," सासरे म्हणाले. "काल संध्याकाळी तीनदा, आज दोनदा. मधेच वीज तोडते."

"ती तिचं काम करतेय, बाबा. हात लावू नका. दोन मिनिटांनी आपोआप चालू होते ना?"

"होते. पण त्या दोन मिनिटांत तुझ्या सासूबाईंचे ओठ निळे पडतात, त्याचं काय?"

"रविवारी येते आणि बघते," असं म्हणून तिने फोन ठेवला. मुख्याध्यापक खाली घड्याळात बघत उभे होते आणि मोटार काही केल्या पाणी ओढत नव्हती.

वीस वर्षं ती वायरिंगची कामं करत होती. घरात तिला सगळे चेष्टेने वायरमनबाई म्हणत. सासरे जरा जास्तच. त्यांनी स्वतः चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. दुकान बंद केलं आणि त्यांनी जुना कॅम्पर घेतला. दोन बिछाने, एक ओटा, छोटा फ्रिज आणि चार चाकं. बायकोला घेऊन गावोगाव फिरायचं, असा बेत होता. जेमतेम दोन फेऱ्या झाल्या आणि सासूबाईंच्या फुप्फुसांनी मान टाकली. मोठं हॉस्पिटल तीन तासांच्या अंतरावर. उपचार तीन महिन्यांचे. शेवटी हॉस्पिटलच्या मागच्या मैदानात, जिथे पेशंटच्या नातेवाइकांच्या अशा दहा-बारा गाड्या उभ्या असत, तिथे त्यांनी कॅम्पर लावला. प्रत्येक जागेपुढे विजेचा एक खांब होता. त्याला वायर जोडली की घर चालू. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, आणखी दोन महिने तरी परतणार नव्हता. त्यामुळे दोघा म्हाताऱ्यांची काळजी तिच्याच गळ्यात होती, आणि ती तिला जडही नव्हती.

खांब आणि कॅम्पर यांच्या मधे ती संरक्षक पेटी तिनेच बसवली होती. वीज फार चढली किंवा फार उतरली की पेटी ती तोडायची, थोडं थांबायची, सगळं ठीक असेल तर पुन्हा जोडायची. दाराशी अग्निशामक सिलिंडरही तिनेच टांगला होता आणि सासऱ्यांकडून तो चारदा हुकावरून काढून-लावून घेतला होता. फक्त एका गोष्टीकडे तिने कानाडोळा केला होता. सासूबाईंना हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र विजेवर चालायचं. पेटीने वीज तोडली की ते बंद पडणार. त्याला बॅटरी लावायला हवी, हे तिच्या डोक्यात होतं. पण आज-उद्या करता करता राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, एका गिऱ्हाइकाचा बोर्ड उघडताना तिच्या एकदम लक्षात आलं. पेटी दिवसाला तीनदा वीज तोडते, याचा अर्थ खांबावरच काहीतरी बिघडलंय. परक्या गिऱ्हाइकाने हे सांगितलं असतं तर ती तासाभरात तिथे पोचली असती. मग घरच्या माणसाला रविवार का सांगितला? तिने बोर्ड बंद केला, माफी मागितली, दुकानातून बॅटरी उचलली आणि गाडी काढली.

पाचच्या सुमाराला ती मैदानात पोचली. हॉस्पिटलमधून परतलेल्या लोकांनी विजेच्या शेगड्या आणि हीटर लावले होते. ती सासऱ्यांच्या कॅम्परपाशी आली आणि जागीच थिजली. पेटी बाजूच्या हुकाला लटकत होती, तिच्यावर टॉवेल वाळत घातलेला. वायर थेट खांबाला जोडलेली होती.

तिने प्लगवर हात ठेवला. चटका बसला. तेवढ्यात आतून काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला आणि सासरे ओरडले.

तिने आधी खांबावरचा खटका खाली ओढला, मग दार उघडलं. बाकाखालच्या, गाडीच्या बॅटरीच्या चार्जरमधून काळा धूर येत होता आणि बाकाच्या गादीला जाळ लागला होता. जळक्या प्लास्टिकच्या वासाने डोळ्यांना धारा लागल्या. सासूबाई मागच्या बिछान्यावर उठून बसल्या होत्या, नाकाला नळी तशीच.

"आधी ती नळी काढा!" ती ओरडली. "त्यातल्या ऑक्सिजनने अंथरूण पेटेल!"

सासऱ्यांनी नळी ओढून फेकली. तिने सासूबाईंना काखेत हात घालून उचललं. आजाराने त्या इतक्या हलक्या झाल्या होत्या की तिला भरून आलं, पण भरून यायची ती वेळ नव्हती. शेजारच्या कॅम्परमधली बाई, अर्धं आयुष्य ट्रक चालवलेली, चाकांची खुर्ची घेऊन धावत आली.

"बसवा इथे. मी ढकलते. तुम्ही फक्त त्यांना धरा!"

हॉस्पिटलचा दरवाजा पाच मिनिटांवर होता. ती पाच मिनिटं सासूबाई मासोळीसारख्या तोंड उघडत होत्या आणि ती "आलंच, आई, आलंच" एवढंच म्हणत होती. मागे सासरे आगीवर सिलिंडर रिकामा करत होते. आग विझली, पण अर्धा कॅम्पर काळा पडला होता.

सासूबाईंना आत नेलं. तासाभराने सासरे आले, भुवया जळलेल्या, शर्टभर पांढरी भुकटी. त्यांना बघताच तिचा तोल सुटला.

"मी सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून! एवढी अक्कल पाजळायची काय गरज होती?"

सासरे भिंतीला टेकले.

"तिला श्वास घेता येत नव्हता गं," ते म्हणाले. "ती माझा हात दाबायची आणि मी घड्याळात बघत बसायचो. दोन मिनिटं किती मोठी असतात, तुला नाही कळायचं. काल संध्याकाळी चौथ्यांदा वीज गेली. मी पेटी काढली. यंत्र चालू राहिलं, ती झोपली. मला वाटलं, जमलं."

ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही.

"तुम्ही फोन केलात तेव्हाच मी यायला हवं होतं," ती म्हणाली. "मी रविवार सांगितला."

त्यांनी शर्टावरची भुकटी झटकली. तिची समजूत घातली नाही.

सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की जिवावरचा धोका टळलाय, पण धुराने आधीच अधू असलेली फुप्फुसं आणखी अधू झाली आहेत. यापुढे यंत्र दोन मिनिटंही बंद पडून चालणार नाही. ती तशीच मैदानात गेली आणि सगळे खांब तपासले. दोनशे तीस व्होल्टच्या जागी कुठे एकशे ऐंशी, कुठे दोनशे नव्वद. मुख्य केबलमधली, सगळ्या खांबांवरचा दाब समतोल ठेवणारी न्यूट्रलची तार ढिली झाली होती. लोकांनी शेगड्या लावल्या की काही खांबांवर वीज उतरायची आणि काहींवर उसळायची.

"मुख्य खटका बंद करा," ती मैदानाच्या रखवालदाराला म्हणाली.

"लोक मला फाडून खातील, बाई. गाड्यांत पेशंट आहेत. लेखी आणा."

"काल काय जळलं ते बघून या आणि मग लेखी मागा."

तो तयार होईना. मग तिने ठरवलं, घरोघर जाऊन प्रत्येकाला प्लग काढायला सांगायचं. पहिल्याच दारात एक गृहस्थ वैतागले. "तुमचं वायरिंग जुनं असेल. आमच्याकडे तर काही झालं नाही."

ती उत्तर देणार तोच मागून आवाज आला. सासरे कधी आले ते तिला कळलंच नव्हतं. कालचाच शर्ट, हातात टोपी.

"वायरिंग चांगलं होतं," ते म्हणाले. "माझ्या सुनेने केलंय. वीज उसळली की तोडणारी पेटीसुद्धा तिने लावली होती. मी ती काढून ठेवली. माझी बायको आत ऑक्सिजनवर आहे. तुम्ही प्लग काढा, हात जोडतो."

गृहस्थ खाली उतरले. खांबापाशी गेले आणि त्यांनी प्लग काढला.

सासरे पुढच्या दाराकडे वळले. आयुष्यात कधी चूक कबूल न केलेला तो माणूस बाराच्या बारा दारांत तेच चार शब्द सांगत गेला, आणि ती मीटर हातात धरून त्यांच्या मागून चालत राहिली. सातव्या दारात त्यांचा आवाज फुटला. तिने बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने थांबवलं, घसा खाकरला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.