एकशे चव्वेचाळिसावं पान

ताईला मत्सर वाटत होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे कुणीतरी उगाच तिची बाजू घेत बसायचं. आणि मत्सर कुणाचा, तर पाठच्या बहिणीचा! जिला तिनेच जपानी शिकवलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून, चौकटीच्या वहीत एकेक अक्षर वीस-वीस वेळा गिरवून घेतलं होतं. धाकटी तेव्हा चौदाची आणि ताई बावीसची. धाकटी कंटाळून डोकं वहीवर टेकायची, तेव्हा ताई तिच्या वेणीला हिसका देऊन म्हणायची, "ऊठ, मेले! एक रेघ राहिलीय."

ताई दिवसा पंप बनवणाऱ्या कंपनीत कामाला होती. जपानी माहितीपुस्तिकांचं इंग्रजी करायचं. झडप उघडण्यापूर्वी दाब तपासावा, ओल्या हाताने बटणाला स्पर्श करू नये, असलं सगळं. सकाळी पाच ते सात मात्र ती कादंबऱ्यांचं भाषांतर करायची, आणि तेही एकाच लेखिकेच्या. अठरा वर्षांत पाच कादंबऱ्या झाल्या. ह्या लेखिकेला त्या काळी तिच्या देशातच कुणी फारसं ओळखत नव्हतं, मग इंग्रजीत कोण विचारतो? एका लहानशा प्रकाशकाने पुस्तकं छापली. ताईचं नाव आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. ते शोधायला नवऱ्याला चष्मा लागला होता, आणि चष्मा लावूनही तो म्हणाला होता, "कुठंय गं?"

मग वारं फिरलं. जपानी बायकांच्या कादंबऱ्या इंग्रजीत धडाधड खपायला लागल्या. पुस्तकांच्या दुकानात शिरल्या शिरल्या त्यांचं वेगळं टेबल. आणि प्रत्येक मुखपृष्ठावर मांजर. आत मांजराचं नखही नसेना का, बाहेर मांजर बसलेलंच. ताई त्या टेबलापुढे उभी राहून म्हणायची, "मी मरमर मरत होते तेव्हा एक मांजर फिरकलं नाही!"

आणि नेमकं तेव्हाच एका मोठ्या प्रकाशकाला ताईच्या लेखिकेची सहावी कादंबरी हवीशी झाली. संपादकाने ताईला लिहिलं, पहिल्या प्रकरणाचा नमुना पाठवा. त्याच आठवड्यात कंपनीत नव्या पंपाची चारशे पानांची पुस्तिका येऊन पडली. नमुना म्हणजे काय, नावापुरतं असतं, असं ताई धरून चालली. तिने धाकटीला फोन केला, "एवढं प्रकरण करून दे गं. माझ्या डोक्यावर पंप बसलाय." धाकटी भाषा शिकवण्याच्या शाळेत नोकरीला होती, तिने चार दिवसांत करून दिलं. ताई नियमाची पक्की. तिने स्वतःच्या हाताने खाली धाकटीचं नाव टाकलं आणि पाठवून दिलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. नमुना फार आवडला, किती मोकळा, किती ताजा आवाज. लेखिकेलाही दाखवला, त्याही खूश आहेत. पुस्तक तुमच्या बहिणीनेच करावं, नाव मुखपृष्ठावर येईल.

मुखपृष्ठावर!

"अगं बाई, छानच की!" ताई फोनवर म्हणाली. धाकटी हळूच म्हणाली, "ताई, मी नको म्हणून कळवते. लेखिका तुझी आहे."

"वेडी आहेस का? घे म्हणते ना!"

असं म्हणताना आपण किती मोठ्या मनाच्या, म्हणून ताईला स्वतःचं कौतुकही वाटलं. फोन ठेवल्यावर तिने धुतलेला कप पुन्हा धुतला, मग पुन्हा धुतला, आणि शेवटी त्याचा कान तुटून हातात आला. नको म्हणते म्हणाली होती ना? मग जरा आग्रह धरायला काय झालं होतं तिला? लगेच घेतलंन!

त्या दिवसापासून ताईच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. हे पुस्तक आपटलं पाहिजे. ते आपटलं की सातवी कादंबरी मुकाट आपल्याकडे परत येईल. सातवी येणार हे ठरलेलं होतं, लेखिका ती लिहीत होती. ताईला ती सातवी हवी होती, आणि त्यासाठी बहीण तोंडावर पडायला हवी असेल, तर पडू दे.

ह्या दोघींची एक रीत होती. पुस्तक पुरं झालं की शेवटचं वाचन दोघींनी मिळून करायचं. एकीने इंग्रजी मोठ्याने वाचायचं, दुसरीने जपानी पुस्तकावर ओळीमागून ओळ बोट फिरवायचं. काही सुटलं, गळलं की बोट थांबायचं आणि बोटवालीने म्हणायचं, "थांब." भाषांतर करणाऱ्याची नजर कधी एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर उडी मारेल, सांगता येत नाही. पाचही पुस्तकांना वाचणारी ताई होती आणि बोट धाकटीचं. अठरा वर्षांत धाकटीने तिचं एक वाक्य गळू दिलं नव्हतं. पोटुशी असताना पाय उशीवर ठेवून बसली होती, पण बोट हललं नव्हतं.

आता वाचणारी धाकटी आणि बोट ताईचं. नाही कसं म्हणणार? एप्रिलमधले तीन रविवार ठरले. दुपारी जेवणं उरकली की ताईच्या घरी, त्याच टेबलावर.

कादंबरी होती रेल्वेच्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत काम करणाऱ्या एका बाईची. लोक छत्र्या विसरतात, दातांच्या कवळ्या विसरतात, ही बाई त्यांना चिठ्ठ्या बांधते. तिची आई ती सात वर्षांची असताना घर सोडून गेलेली असते. धाकटी वाचत होती आणि ताई मनातल्या मनात खोड्या काढत होती. इथे जरा सैल झालंय. इथे मी असते तर दुसरं लिहिलं असतं. पण खरं सांगायचं तर पोरीने सुरेख केलं होतं. कचेरीतली ती बाई इंग्रजीत अशी बोलत होती, जशी शेजारच्या खुर्चीत बसलीय. ताईच्या पाच पुस्तकांत कुणी असं बोललं नव्हतं. हे तिला दुसऱ्याच रविवारी कळून चुकलं, आणि तिथेच तिचं पित्त खवळलं.

तिसऱ्या रविवारी एकशे त्रेचाळिसावं पान संपलं. ताईने पान उलटलं. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे चालतं. उजवीकडे एकशे चव्वेचाळीस, डावीकडे एकशे पंचेचाळीस. ताईचं बोट उजव्या पानाच्या पहिल्या ओळीवर टेकलं.

धाकटीने वाचलं ते डाव्या पानावरचं.

मधलं अख्खं पान नाही! आणि पान तरी कुठलं? आई घरातून निघताना मुलीला जवळ बसवून, आपण का जातोय ते सांगते, ते. सगळ्या कादंबरीचा जीव. पोरीने तेच गाळलं होतं!

ताईच्या जिभेवर "थांब" आलं होतं. आलं होतं, हे तिच्याही बाजूने सांगायला हवं. पण धाकटी क्षणभर थांबून पाण्याचा घोट घेत होती, आणि ग्लासामागून तिचा तो सुखी, गुबगुबीत चेहरा दिसत होता. ताईला मुखपृष्ठ आठवलं. मुंगीएवढी अक्षरं आठवली. तिने बोट उचललं आणि डाव्या पानावर ठेवलं.

"वाच ना," ती म्हणाली. "थांबलीस का?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं, मग हाताकडे पाहिलं. मग ती पुढे वाचायला लागली, जरा हळू आवाजात. दमली असेल, असं ताईला वाटलं.

पुस्तक शुक्रवारी छपाईला जायचं होतं. त्या आठवड्यात धाकटीचा रोज संध्याकाळी फोन. सोमवारी, "ताई, काही राहिलं नाही ना?" मंगळवारी, "तुला काही खटकलं असेल तर सांग हं." बुधवारी तर नुसतीच, "काय करतेयस?" ताई दर वेळी म्हणाली, "नाही गं, सगळं छान आहे." फोन ठेवल्यावर तिला वाटायचं, उद्या सांगू. गुरुवारी तिने नंबर लावलाही, आणि धाकटी "हं, बोल ताई," असं इतक्या घाईने म्हणाली, की ताईने विचारलं, "आईची औषधं आणलीस का?"

शुक्रवार गेला.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर मांजर, मांजराच्या शेपटीखाली धाकटीचं नाव. ताई वाट बघत बसली. आता कुणीतरी मूळ वाचलेला उठेल आणि म्हणेल, अहो, पान कुठंय? पण झालं भलतंच. पहिल्याच परीक्षणात लिहून आलं, आई काही न बोलता बुटांचे बंद बांधते आणि निघून जाते, हे मौन ह्या कादंबरीचा कळस आहे. दुसऱ्याने लिहिलं, असं धाडस हल्ली कुणी करत नाही. धाडस! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जो खड्डा तिने बघून बघून उघडा ठेवला होता, त्यात पडायचं सोडून ही बया त्यावर उभी राहून हार घालून घेत होती. पुस्तकाला बक्षीस जाहीर झालं तेव्हा ताईने दोन दिवस रजा काढली, पोट दुखतंय म्हणून. आणि खरोखरच दुखत होतं.

बक्षिसानंतर पुस्तकांच्या दुकानात एक दुपारचा कार्यक्रम झाला. ताईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. शेवटी मागच्या एका बाईंनी विचारलं, "तो आईचा प्रसंग मूळ पुस्तकातही असाच आहे का हो?"

ताईचे कान टवकारले. आली वेळ! तिला हसू आवरेना, तिने रुमाल तोंडाला लावला.

"नाही," धाकटी शांतपणे म्हणाली. "मूळ पुस्तकात तिथे एक पान आहे. आई सगळं समजावून सांगते. मार्चमध्ये लेखिकेने मला पत्र लिहिलं, की ते पान लिहिल्याचा मला पस्तावा होतो, इंग्रजीत ते घेऊ नका. म्हणून नाही घेतलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईचा रुमाल तसाच तोंडावर राहिला. मार्चमध्ये. वाचन तर एप्रिलमध्ये झालं होतं.

कार्यक्रम संपल्यावर ती धाकटीला शोधत मागच्या खोलीत गेली. धाकटी पुस्तकांच्या खोक्यावर बसून चपलेचा पट्टा सैल करत होती.

"मला का नाही सांगितलंस?" ताईला वाटलं होतं आपण ओरडू, पण निघालं ते कुजबुजल्यासारखं.

"आधी सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, लेखिकेची पत्रं आता मला येतात म्हणून मिरवतेय. म्हटलं, तू थांबवशील तेव्हा सांगू. तू थांबवणारच होतीस ना! एक स्वल्पविराम सोडत नाहीस तू." धाकटीने पट्टा पुन्हा आवळला. "मी थांबलेही तिथे. पाणी प्यायले."

ताईने हातातला रुमाल पर्समध्ये कोंबला.

"तुझं बोट त्या पानावर होतं, ताई. मग ते उचललंस. बघितलं मी."

"मी सांगणार होते गं. शपथ. गुरुवारी फोन केला होता मी."

"हो. आईच्या औषधांचा."

बाहेर कुणीतरी खुर्च्या एकावर एक रचत होतं. धाकटीने फोन काढला, ते पत्र उघडलं आणि ताईच्या हातात दिलं. पत्र लहानच होतं. पानाबद्दलचं वर होतं. खाली एकच ओळ. माझी सातवी कादंबरी पुरी होत आलीय, ती तुम्ही करणार की तुमच्या ताई, हे दोघींनी ठरवून कळवा.

ताईने ती ओळ वाचली. जपानी तिला चांगलं येत होतं, तरी तिने ती पुन्हा वाचली.

"मग काय कळवलंस?"

"त्या रविवारी हे पत्र तुझ्यापुढे ठेवणार होते, आणि म्हणणार होते, सातवी तू घे. माझ्या पर्समध्ये कागदावर काढून आणलं होतं." धाकटीचे डोळे भरले, पण तिने ते पुसले नाहीत. "मग वाट बघितली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बघितली. सहा वाजता कळवलं, मी करते म्हणून."

ताई समोरच्या खोक्यावर बसली. आता रडून काय उपयोग, हे कळत असूनही ती रडली, आणि धाकटीने तिला रडू दिलं. पाठीवरून हात मात्र फिरवला नाही. लहानपणी ताई रडली की सगळ्यात आधी तीच धावायची.

"झालं का पुरं?" बऱ्याच वेळाने ताईने नाक पुसत विचारलं. "सातवं?"

"परवाच झालं."

"मग वाचायला... रविवारी येऊ का मी तुझ्याकडे? टेबल तुझं चालेल. मी उशीर नाही करणार."

धाकटीने फोन तिच्या हातातून घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

"नको ताई," ती म्हणाली. "मी इंग्रजी वाचून फोनमध्ये रेकॉर्ड करते. मग आपलाच आवाज लावायचा आणि आपणच बोट ठेवायचं."

"जमतं?"

"जमतं. जरा हळू वाचावं लागतं, एवढंच."