चावीवरचा वायरलेस

आमचा म्हातारा, भिकाजी, पहाटे उठून टेम्पोत जाऊन बसायचा. गाडी खारदांड्याच्या रस्त्याला उभी, इंजिन बंद, आणि हा वायरलेस लावून समुद्रातल्या बोटींची बडबड ऐकतोय. मुलगा कृणाल बोट घेऊन बाहेर गेलाय, म्हणून म्हणे. कृणाल काय कुकुलं बाळ आहे? दोन पोरांचा बाप झालाय.

वायरलेसची वायर सरळ बॅटरीला. सेट बडबडणार आणि बॅटरी उतरणार. मग आमची सून कल्पिता चावी फिरवते, तर गाडी नुसती खोकते. ढकलायला माणसं बोलवा, त्यांना चहा पाजा. तोवर कृणालची बोट लागायची, तिची मासळी भरून निघायचं, आणि अंधेरीच्या बाजारात पोचेस्तोवर चांगली गिऱ्हाइकं गेलेली. माझं डोकंच फिरायचं.

शेवटी कल्पिताने अंधेरीहून सिद्धेश वायरमनला आणलं. "मावशी, सोप्पं आहे," तो म्हणाला. "सेट इग्निशनवर घेतो. चावी फिरवली की चालू, चावी काढली की बंद. बॅटरीला त्रास नाही."

"आणि चावी कोणाकडे?" मी विचारलं.

"माझ्याकडे," कल्पिता म्हणाली.

म्हातारा बाजूलाच उभा होता. वळून घरात गेला. मी म्हटलं, बरं झालं, आता तरी घरात झोपेल.

दुसऱ्या दिवशी गाडी एका झटक्यात सुरू झाली. झकास. बर्फातला माल होताच, कृणालची वाट न बघता दोघी निघालो. वाटेत सिग्नलवर उभ्या होतो, तर सेट बोलला.

"आबा, खडपाजवळ आलोय. येऊ आत?" कृणालचा आवाज.

थोड्या वेळाने परत तेच. मग कल्पिताने माईक घेतला. "आबा घरी आहेत, सेट माझ्याकडे आहे. ये ना आत, वाट माहीत नाही का तुला?"

"माहीत आहे गं. पण त्यांनी बोट माझ्या हातात दिली, तेव्हापासून ते 'ये' म्हटल्याशिवाय मी आत घेतली नाही."

"आज घे."

"नाही घेणार. तू विचार त्यांना, पण लवकर. ओहोटी लागलीय, खडपाचे खडक पाण्यावर आले की मग दुपारपर्यंत बाहेरच अडकणार."

मी कपाळावर हात मारला. बाप तसा लेक. म्हाताऱ्याकडे मोबाइल नाही, होता तो त्याने पाण्यात पाडला. कल्पिताने गाडी वळवली. बाजार गेला खड्ड्यात.

दांड्याला पोचलो, तर टेम्पो रोज उभा असतो त्या रिकाम्या जागेवर म्हातारा कडेला बसलेला, हात गुडघ्यांवर.

"इथे काय बसलायस?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "आला असेल आता आत, त्याचा तो."

"नाही आला. तुझ्यासाठी थांबलाय बाहेर."

कल्पिताने खिडकीतून माईक त्याच्या हातात दिला. त्याने तो तोंडाजवळ नेला, खाली घेतला, घसा साफ केला. डोळे भरले होते. मग म्हणाला, "ये."

बस, एवढंच. एवढ्यासाठी हा माणूस रोज थंडीत गाडीत बसायचा, आणि मला कधी बोलला नाही. मला त्याचा रागही आला आणि रडूही आलं.

कल्पिताचा हात सवयीने चावीकडे गेला. मी तो धरला.

"राहू दे चालू," म्हटलं. "बोट लागेपर्यंत डिझेल जळतंय तर जळू दे."