बास

समथरच्या त्या बाईने साबणाची वडी पुन्हा नाकाशी धरली आणि आठ्या घातल्या.

"काए दादा, तीन बेर पूछ चुके. इत्ते नोने साबुन में बास कहाँ से आई?"

विद्याधररावांचे कान तापले. इथे बास म्हणजे दुर्गंध; इतक्या छान साबणाला तो कुठून येणार, असे ती विचारत होती. त्यांना ते ठाऊक नव्हते असे नाही. सहासष्ट वर्षे झाशीतच गेली होती. पण त्यांच्या मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या वासाला बास म्हणत; मोगऱ्यालाही बासच यायची. प्रश्न लिहिताना घरातला शब्द हातून उतरला होता.

बिजौलीच्या कारखान्याने केवड्याचा साबण काढला, तेव्हा संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक म्हणून त्यांना पाहणीसाठी बोलावणे आले. प्रश्न त्यांनीच लिहिला : 'साबुन में बास कितनी है?' एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे भरपूर. समथरच्या एकशेवीस बायकांपैकी जवळजवळ सगळ्या 'एक' म्हणाल्या. पंधरा दिवसांनी त्याच बायकांना विचारले, तरी 'एक'च. केवडा कुणाला जाणवतच नाही, असा अहवाल त्यांनी दिला आणि एक तारखेपासून साबण बंद करायचे ठरले. फोरमन नामदेव आणि वड्या बांधणाऱ्या अकरा बायका घरी बसणार होत्या. आकडे फारच गुळगुळीत वाटले म्हणून विद्याधरराव आज कुणी न पाठवता आले होते.

दुसऱ्या दिवशी ते मॅनेजर मधुसूदनसमोर बसले.

"काका, दोन्ही वेळा आकडा तोच आला ना? मग पक्कं झालं."

"तराजूला पासंग असला, एक पारडं मुळातच जड असलं, की दहादा तोला, वजन तेच येतं. दहाही वेळा चुकीचं."

"मग दिल्लीच्या हेड ऑफिसला काय लिहू? आमच्या प्रोफेसरसाहेबांना हिंदी येत नाही?"

"तसंच लिहा."

मधुसूदनने चष्मा काढून डोळे चोळले. "आठ दिवस देतो. खुशबू लिहा आणि जाऊन या."

घरी त्यांनी फॉर्मवर बास खोडून खुशबू लिहिले आणि पेन खाली ठेवले. खुशबू विचारल्यावर नाही कोण म्हणणार? सगळ्या पाच म्हणतील. पासंग तोच, फक्त दुसऱ्या पारड्यात. गंध लिहावा, तर समथरमध्ये तो शब्द कुणाच्या तोंडी नाही. एवढी वर्षे आपण मुलांना काय शिकवले, असे त्यांच्या मनात आले.

"मग काही विचारूच नका," त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "नाकाला शब्द कशाला हवा?"

म्हणून त्यांनी कोऱ्या कागदात दोन वड्या बांधल्या, एक केवड्याची, एक साधी, आणि गुडघे सांभाळत पुन्हा समथरची बस धरली.

"फिर आ गए दादा? अब का पूछने?"

"कछू नहीं. दोई सूँघ लो. जौन अच्छी लगै, बता दो."

बाईने दोन्ही हुंगल्या. साधी वडी त्यांच्या हातात ठेवली आणि केवड्याची घेऊन आत गेली. पेटीचे झाकण वाजले.

"जा तो हम धुतियन में धरहैं," ती आतून म्हणाली.

ती वडी पुढच्या घरी दाखवायची होती. ती न मागता त्यांनी फॉर्म काढला. फॉर्मवर एकापासून पाचापर्यंत चौकोन होते, त्यांत हे कुठेच बसत नव्हते. शेवटी त्यांनी समासात लिहिले : केवड्याची वडी परत दिली नाही. लुगड्यांत ठेवली.

अजून एकशेएकोणीस घरे होती. ते बाजारात केवड्याच्या आणखी वड्या मिळतात का पाहायला निघाले.