फळ्यावरची रेघ

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. एकच डोळा, पितळेची मान आणि पायाशी छोटा आरसा. कारखान्यात माझी काच घासणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने मला उजेडाकडे धरले आणि तो बराच वेळ पाहतच राहिला. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

मग मी शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. दुपारचे ऊन आरशावर पडले की पाण्याचा थेंब माझ्यात तळ्याएवढा होई आणि त्यातले हिरवे जीव स्वप्नात असल्यासारखे तरंगत.

दहावीतल्या एका मुलीला सगळे मुंगी म्हणत. ती माझ्यापाशी तासन्‌तास बसे. एकदा तिचे बाबा आले. ते शिंपी होते, गळ्यात टेप तशीच होती.

"बाई, हिला गणितात एकतीस मिळालेत. विज्ञान घेऊन हिचे हाल होतील. मी अकरावीच्या फॉर्मवर सही करणार नाही."

विज्ञानाच्या बाईंनी मुंगीची वही उघडली. कांद्याच्या पापुद्र्याचे चित्र होते. बाकी साऱ्या मुलांच्या चित्रात पेशींवरून एक वाकडी काळी रेघ गेली होती, कारण बाईंनी फळ्यावर तशी काढली होती. मुंगीच्या चित्रात ती नव्हती. खाली लिहिले होते, 'रेघ कांद्याची नाही. मी डोळा मिचकावला की हलते. माझ्या पापणीचा केस असावा.'

बाईंनी माझ्यात डोकावून डोळा मिचकावला. मग त्या खुर्चीत बसून हसल्या. "बारा वर्षं मी पोरांना माझी पापणी शिकवतेय."

"पण पापणी ओळखली म्हणून गणित सुटतं का?" बाबा म्हणाले.

"नाही सुटत. ते लागणारच." बाईंनी माझ्या भिंगाखाली मिलिमीटरची पारदर्शक पट्टी सरकवली. "मुंगे, एका मिलिमीटरमध्ये किती पेशी मावतात?"

मुंगीने श्वास रोखून मोजल्या. "लांबीत चार. म्हणजे एक पेशी पाव मिलिमीटर." ती थबकली. "बाई, हा अपूर्णांक आहे ना? मग पुस्तकात असा का दिसत नाही?"

"माझ्या दुकानात मापं घेताना पाव इंच, अर्धा इंच करते," बाबा पुटपुटले, "आणि पेपरात एकतीस." मग त्यांनीही माझ्यात पाहिले. बराच वेळ पाहिले, त्या कारागिरासारखे.

"सही करतो," ते म्हणाले. "पण रोज अर्धा तास गणित. माझ्यासमोर."

त्या अर्ध्या तासात मुंगी पुष्कळदा रडली, असे ती मला सांगे. गणितात ती पहिली कधीच आली नाही. आज ती तळ्यांतले शेवाळ अभ्यासते आणि प्रत्येक हिशेब दोनदा करते.

मी मात्र कपाटात आहे. नवी यंत्रे आली, माझा आरसा धुळीने आंधळा झाला. मित्रांनो, कधी कपाट उघडलेत तर माझी काच आणि आरसा मऊ कापडाने पुसा आणि मला खिडकीपाशी न्या. आणि मग वहीत तेच काढा, जे तुम्हाला दिसेल. फळ्यावर काहीही असो.